सहा मेचं लग्न, पाच जूनला

दुकानात माणूस आला की आधी इकडेतिकडे बघायचा आणि विचारायचा, "साहेब कुठी गेले?"

मी म्हणायची, "साहेब मीच. बसा."

तो बसायचा, पण नजर दाराकडेच. मी स्क्रू काढून डबा उघडला, आतली धूळ ब्रशने झाडली आणि एखादी पट्टी उपसून परत बसवली, की मग त्याचा जीव भांड्यात पडायचा. जाताना "सायबाले नमस्कार सांगजा" म्हणणारेही भेटले. मी सांगायची, सांगते म्हणून.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका बाजूला पंपाच्या मोटारी भरून देणारा, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. लोकांना वाटतं, ही दुरुस्ती म्हणजे सगळं तारा आणि झाळकामाचं शास्त्र. आमच्या भागात अर्धी दुरुस्ती धुळीची होती. घुग्घुसच्या डब्यातून काळी धूळ निघायची, सिमेंटच्या कारखान्यांकडून आलेल्यातून पांढुरकी. धानोऱ्याच्या एका डब्यात पालीची अंडी निघाली होती. उरलेली अर्धी दुरुस्ती समजुतीची, आणि त्यात सगळ्यात जास्त फेऱ्या मला तारखेने मारायला लावल्या.

ज्यांनी त्या वेळचे कॉम्प्युटर पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्यात कंट्रोल पॅनेल नावाची एक खिडकी असे. तिच्यात पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र. त्यावर टिचकी मारली की कॉम्प्युटर विचारायचा, तुम्ही कोणत्या देशात राहता, तारीख कशी लिहिता, घड्याळ बारा तासांचं ठेवता की चोवीस. कोणी काहीच सांगितलं नाही तर तो आपला स्वतःला अमेरिकेत समजायचा. त्याला तिथून उठवून घुग्घुसला, मूलला, गडचिरोलीला आणून बसवायचं, हे माझं काम. काम दोन मिनिटांचं, पण ते करायला एसटीने अर्धा दिवस जायचा.

त्या खिडकीत आपल्या मनासारखे बदल करता येतात हे एकदा लोकांना कळलं की मग त्यांच्या फर्माइशी सुरू. चंद्रपुरातल्या एका मुलांच्या डॉक्टरांची तक्रार अशी, की चिठ्ठीवर सात पीएम छापलं तरी खेड्यातली मंडळी सकाळी सातलाच लेकरू घेऊन पायरीवर बसलेली असतात. त्यांना एएम-पीएमच्या जागी साधे शब्द हवे होते. तशी सोय होती. फक्त मराठी अक्षरं त्या खिडकीत उमटत नसत, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'सकाळ' आणि 'सांज' लिहून दिलं. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "गर्दी सुधारली, पण एक आजोबा विचारत होते, हे नवीन सांज डॉक्टर कधी बसतात?"

धानोऱ्याचे एक सचिव होते. हिरडा, बेहडा, मोहफुलं, चारोळी गोळा करणाऱ्या लोकांची त्यांची सोसायटी. मी त्यांच्या मशीनवर तारीख नीट लावून दिली, तर म्हणाले, "ताई, तारीख सरकारले लागते. आमाले वार लागते. माल बाजाराच्या दिवशी येते, तारखेले नाई येत." मग मी त्यांच्या पडद्यावर आधी वार आणि मागून बारीकशी तारीख अशी मांडणी करून दिली. तो माणूस इतका खूश झाला की निघताना मला मोहाचे लाडू बांधून दिले. धानोऱ्याच्या फेऱ्या मी कधी टाळल्या नाहीत, त्यात त्या लाडवांचा हात आहे.

पण घुग्घुसचं काम निराळं होतं. तिथे माझी ती दोन मिनिटांची खिडकी दोन घरांच्या लग्नमांडवात शिरली होती.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. घुग्घुसला खाणीच्या कॉलनीत एक समाजभवन होतं. मोठा हॉल, मागे स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीएवढे कूलर. मे महिन्यात आमच्याकडे लग्न लावायचं तर नवरीआधी कूलर बघतात. हॉल कॉलनीवाल्यांना आणि बाहेरच्यांना, दोघांनाही मिळायचा. तिथल्या बुकिंगसाठी कुठल्याशा कचेरीतून काढलेला एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला होता. तो सांभाळायचे देशकर बाबू. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणाचा ओरडा खायची त्यांची तयारी नसे, आणि त्यासाठी ते बरेच लांबचे रस्ते शोधत.

गुढीपाडवा होऊन गेला होता. त्यांचा फोन आला. "ताई, हा कॉम्प्युटर पंचवीस मेले पाच-पंचवीस म्हणून छापून राह्यला. पाहून जा ना जरा."

मी गेले. ऊन तापायला लागलं होतं आणि रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग. मोपेडवरून उतरले तेव्हा मीही काळीच झाले होते. कॉम्प्युटर बघितला, तर मी आधी लावून दिलेली सगळी मांडणी गायब.

"कोणी हात लावला याला?"

बाबू जरा घुटमळले. "संक्रांतीले जावई आले होते नागपूरवरून. ते म्हणे याच्यात व्हायरस आहे. त्याईनं सारं पुसून नवीन टाकून देल्लं. बुकिंगची यादी तेवढी फ्लॉपीत काढून ठेवली होती."

जावयाची चूक काढायची रीत आपल्याकडे नाही. मी गप्प बसून गोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली, अमेरिकेतून भारतात आणलं, आणि बुकिंगची यादी पुन्हा उघडली. पाच-पंचवीसचं पंचवीस-पाच झालं. बाबू खूश झाले. मी मात्र यादी वरून खाली बघत होते, कारण मला माहीत होतं की खरं दुखणं पंचवीस तारखेत नसतं.

ते असं. आपण सहा-पाच लिहिलं की आपल्या मनात सहा मे असतो. अमेरिकेत बसलेला कॉम्प्युटर तेच वाचतो आणि पाच जून समजतो. तो ती तारीख मनात पाच जून म्हणून ठेवतो, पण पडद्यावर दाखवताना आणि पावतीवर छापताना पुन्हा सहा-पाच अशीच. लिहिणारा सुखी, वाचणारा सुखी. पंचवीस तारखेला हा घोळ होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, तेव्हा त्याला बिचाऱ्याला कळतं की हा दिवस असणार. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा तारखा तेवढ्या धोक्याच्या. आणि त्या चूक असल्या तरी दिसायला अगदी बरोबर दिसतात.

यादीत पाच जूनला एक लग्न होतं. शेंडे.

"बाबू, शेंड्यांचं लग्न जूनमध्ये आहे?"

"जून? नाई बाप्पा. पाऊस लागल्यावर कोण करते? ते नदीवरचे मारोती शेंडे, मासोळ्या धरतात ते. सहा मे आहे त्याईचं. पावती मीच देल्ली."

मी बोट वर नेलं. सहा मेला आधीच एक नाव होतं. रामटेके. हे बुकिंग हिवाळ्यातलं, जावई येण्याच्या आधीचं, म्हणून आपल्या जागी नीट बसलेलं. पुढे शेंडे आले तेव्हा बाबूंनी सहा-पाच टाकलं, कॉम्प्युटरने पाच जून पाहिला, जागा रिकामी दिसली आणि पावती छापून दिली. दोन घरं, दोन पावत्या, दोन्हींवर सहा-पाच, आणि हॉल एक.

बाबू खुर्चीत टेकले. थोडा वेळ त्यांनी नुसतं पाणी प्यायलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, आणि मला ते आवडलं नाही.

"ताई, कॉम्प्युटरात शेंड्याचं पाच जूनच आहे ना?"

"आहे. पण ते चुकून आहे."

"चुकून का असेना, आहे ना? मंग आपण त्याईले सांगू, तुमची तारीख पाच जून आहे, तुमीच वाचाले चुकले. तुमी एक कागद छापून द्या फक्त, पाच जून असं अक्षरात लिहून. कॉम्प्युटरसंग कोण भांडते? आन ते तं कॉलनीतले बी नाईत."

माझ्या धंद्यात हे वाक्य मी फार वेळा ऐकलं होतं. कॉम्प्युटर असं म्हणतो. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या माणसाला हे म्हटलं की तो मागे फिरतो. आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय हे ठाऊक असलेली त्या खोलीत मी एकटीच. मी म्हटलं, "बाबू, कागद छापून मी देणार नाही. त्यापेक्षा त्या घरी जाऊन झालेला घोळ सांगते. माझं कामच ते आहे."

"मले मारतीन ते."

"तुम्ही येऊ नका."

बाबूंनी विचार केला. मग म्हणाले, आधी रामटेके सिस्टरला विचारून पाहू. कॉलनीच्या दवाखान्यात नर्स आहेत, समजूतदार बाई, मुलीचं लग्न आहे, कदाचित पुढेमागे करतील. ते ठीक होतं, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो.

सुलोचना रामटेके एका ड्रायव्हरला इंजेक्शन देत होत्या. पन्नाशीच्या, उंच, कडक इस्त्रीची पांढरी साडी. नवरा खाणीत होता तो आजारात गेला, तेव्हापासून घर त्यांनीच ओढलेलं. बाबूंनी गोष्ट सांगितली आणि शेवटी सहज बोलल्यासारखं जोडलं, "आन सिस्टर, तुमच्यात कुठी मुहूर्त असते? चार दिवसानं केलं तरी चालते तुमाले."

सिस्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली. ड्रायव्हरला जायला सांगितलं. मग हात धुतले, पुसले आणि बाबूंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मुहूर्त नाई म्हंजे तारीख नाई, असं कोणी सांगतलं तुमाले? माझ्या पोरीच्या लग्नाची तारीख ग्रहानं नाई काढली. मी काढली, पाव्हण्याईले विचारून, सुट्ट्या पाहून. म्हणून ते हलकी होते का?"

बाबू म्हणाले, तसं नव्हतं म्हणायचं. त्यांना खरंच तसं म्हणायचं नसावं. पण बोलून गेले होते.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा, झालं कसं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं समजवायला वेळ लागेल. त्यांनी कपाटातून औषधाचं पाकीट काढून पुढे धरलं. "याच्यावर बी महिना आधी असते, मंग साल. नवीन पोरी आल्या का पहिले हेच शिकवतो आमी. नाईतं चांगलं औषध फेकतीन आन शिळं देतीन." मग पाकीट जागेवर ठेवत विचारलं, "त्या दुसऱ्या घरी माहीत आहे का?"

"अजून नाही. मी आता तिकडेच चालले."

"थांबा. ड्युटी संपते माझी. मी येतो संग."

आमच्याकडे बायाही 'मी येतो' म्हणतात. बाबूंना वाटलं, सिस्टर भांडायला निघाल्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पिशवी मांडीवर घेऊन त्या मोपेडवर माझ्यामागे बसल्या.

शेंड्यांचं घर वर्धा नदीच्या काठी, गावाच्या टोकाला. अंगणात जाळी वाळत घातलेली, भिंतीला नवा चुना, दारावर गेरूने चितारलेला मोर. लग्नघर लांबूनच कळत होतं. मारोतीभाऊ जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्यांची बायको कमलाबाई बाहेर आली, पाणी दिलं. मी जे होतं ते सरळ सांगितलं. हॉलचा घोळ आहे, तुमचा नाही, यांचाही नाही.

मारोतीभाऊंचा हात थांबला. बोलल्या कमलाबाई, आणि आवाज न चढवता.

"बाई, पत्रिका वाटून झाल्या. वणीकडचे सोयरे आहेत. आता तारीख बदलवली तं ते हॉलचं नाई म्हणणार. म्हणतीन, पोरीतच काई तरी खोट आहे. आमच्या पुतणीचं असंच मोडलं. तिची तारीख तं एकदाच सरकली होती."

आत दाराच्या फटीतून एक मुलगी बघत होती. तीच संगीता, नवरी. आमची नजर पडली तशी आत सरकली.

सिस्टर बराच वेळ त्या चितारलेल्या मोराकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचा टाइम काय आहे?"

"गोरज. दिवस बुडताना."

"माझ्या पोरीचं बी संध्याकाळीच ठेवलं होतं. ऊन उतरल्यावर. कमलाबाई, तारीख माझी आहे, ते मी सोडत नाई. वेळ सोडतो. आमी सकाळी लावू. तुमी संध्याकाळी लावा. हॉल दोघाईचा."

कमलाबाईंना आधी समजलंच नाही. मग पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या. मारोतीभाऊ म्हणाले, "बाई, तुमचे पाव्हणे लांबून येतीन. लगन झालं, जेवण झालं, आन मंग? बारा-एकच्या उन्हात कुठी जातीन?"

"तोच विचार करून राह्यलो."

"तो मी करतो." त्यांनी काठाकडे हात केला. तिथे आंब्याची जुनी झाडं होती, खाली गारवा. "आडवं व्हाले बाजा टाकतो, पाणी भरून ठेवतो. ऊन उतरेपर्यंत तुमचे पाव्हणे आमच्याइथी."

दोन वाक्यांत सोयरीक जमावी तसं ते जमलं. मग बायकांचं खरं बोलणं सुरू झालं: स्वयंपाकी एकच ठेवू, फुलं सकाळची काढून संध्याकाळची लावू, पाण्याचा टँकर दोघींत मागवू. मी नुसती ऐकत होते. निघताना मारोतीभाऊंनी सकाळचा रोहू पानात गुंडाळून सिस्टरच्या पिशवीत घातला. परतीच्या वाटेवर तो रोहू आमच्या दोघींच्या मध्ये होता.

भवनापाशी बाबू फाटकात वाट बघत उभे. सिस्टरनी त्यांना ठरलेलं सांगितलं. बाबूंनी हात जोडले. "सिस्टर, उपकार झाले."

"उपकार नाई, एक काम आहे. त्या दिवशी सकाळी माझ्या पाव्हण्याईले फाटकावर तुमी उभं राहून आत घ्या. आन संध्याकाळी शेंड्याच्या. दोघाईले सारखं."

सहा मे उजाडला. दोन्ही घरांनी मला बोलावलं होतं, म्हणून मी सकाळीच पोचले. फाटकात देशकर बाबू नव्या सफारीत, हातात गुलाबदाणी. येईल त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडत होते, उन्हाने ते अंगावर पडायच्या आधीच सुकत होतं. हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या मांडलेल्या, पांढऱ्या फुलांच्या माळा, आणि पांढऱ्या साडीतली प्रज्ञा, सिस्टरची मुलगी. सगळं तयार होतं, फक्त वरात नव्हती.

नवरदेव धानोऱ्याकडचा, शाळेत मास्तर. पहाटे निघालेली बस दहापर्यंत यायला हवी होती. अकरा वाजून गेले. मग कॉलनीतल्या फोनच्या दुकानातून निरोप आला, बस मूल रोडवर जंगलात बंद पडली आहे. ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेला, वरात झाडाखाली बसली आहे.

सिस्टर शांत होत्या, पण एका जागी उभ्या राहत नव्हत्या. बारा वाजले. तोवर शेंड्यांकडची माणसं फुलं, झालर घेऊन यायला लागली, आणि हॉलमध्ये तर अजून सकाळचं लग्न लागायचं होतं. त्यातच वणीकडच्या सोयऱ्यांचे एक काका जीपने लवकर येऊन धडकले. हॉलभर नजर फिरवून त्यांनी मारोतीभाऊंना विचारलं, "हा मांडव कोणाचा?"

कमलाबाईंचं ते बोलणं माझ्या कानात होतं.

मारोतीभाऊ म्हणाले, "दोघाईचा. बसा काका, शरबत घ्या."

काका बसले, पण चेहरा काही सैल झाला नाही. बाबू घाईने पुढे आले आणि सिस्टरला हळूच म्हणाले, "सिस्टर, वाटलं तं बाहेर निंबाखाली उरकून घेता येईन, पाव्हणे आल्या आल्या. हॉल याईले देऊन टाकू."

ते मारोतीभाऊंनी ऐकलं. "पोरगी उन्हात बसवता का?" एवढंच म्हणून ते बाहेर गेले. बाहेर त्यांच्या भाच्याचा टेम्पो उभा होता. रोज पहाटे मासोळ्या चंद्रपूरच्या बाजारात नेणारा, आज फुलं आणायला जुंपलेला. मारोतीभाऊ स्वतः भाच्याशेजारी बसले आणि टेम्पो मूल रोडकडे गेला. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी नवरीचा बाप दुसऱ्याची वरात आणायला गेला, हे त्या काकांनी बघितलं. शरबताचा दुसरा ग्लास त्यांनी न सांगता घेतला.

तो वेळ कसा गेला ते मला विचारू नका. कमलाबाई सिस्टरजवळ येऊन बसल्या. कूलरचं पाणी संपलं, कोणीतरी भरलं. स्वयंपाक्याने भात पुन्हा टाकला.

दोनच्या सुमाराला टेम्पो फाटकात आला. आधी म्हातारी माणसं उतरली, मग बाया, मग पांढऱ्या शर्टातला नवरदेव. बाकीची तरुण मंडळी मागून मिळेल त्या गाडीने येत होती. देशकर बाबूंनी गुलाबदाणी सरसावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा खराखुरा उपयोग झाला. टेम्पो पहाटे दोनदा धुतला आहे, असं मारोतीभाऊ प्रत्येकाला सांगत होते. पण मासोळी धुण्याने जात नाही. नवरदेव प्रज्ञाशेजारी येऊन बसला तेव्हा तिने नाक जरा वर केलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून हसायला लागली. तोही हसला. मला वाटतं, तिथून त्यांचं जे जमलं ते जमलंच.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले. आंब्याखाली मांडलेल्या बाजा रिकाम्याच राहिल्या, कारण ऊन उतरायला आलंच होतं. पंगती बसल्या त्यात वाढायला शेंड्यांची मुलं. एका हाताने वाढत होती आणि दुसरीकडे हॉलच्या एका बाजूने संध्याकाळची झालर चढत होती. मागच्या खोलीत एकाच कूलरसमोर दोन नवऱ्या बसल्या होत्या. एकीची मेंदी, एकीचे केस, काय काय चाललं होतं. संगीताने प्रज्ञाला काहीतरी विचारलं, प्रज्ञाने तिच्या कानात सांगितलं. काय ते मला कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

पाचच्या सुमाराला दुरुस्त झालेली बस फाटकाशी येऊन उभी राहिली. सामान चढलं. सिस्टरनी मुलीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पदर नीट केला. त्या रडल्या नाहीत. बायका थोड्या हिरमुसल्या, कारण सगळ्या तयारीत होत्या. प्रज्ञा मोठ्या माणसांचा निरोप घेत फाटकापर्यंत आली, तिथे मारोतीभाऊ बसचा दरवाजा धरून उभे होते. ती वाकली तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्यांचे खांदे हलायला लागले. दिवसभर मोजकंच बोललेला तो माणूस, पंच्यात जेमतेम मावेल एवढं रडत होता, आणि मुलगी कोणाची तर रामटेक्यांची.

कमलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावतच बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरून त्याला बाजूला केलं.

"आवरा ना. आपली अजून जायची आहे."

हे ऐकून सिस्टर हसायला गेल्या, आणि मग त्यांचं रडू जे फुटलं ते बस वळणावर दिसेनाशी झाली तरी थांबलं नाही. कमलाबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि त्यांना आत नेलं, संगीताला बाशिंग बांधायचं होतं म्हणून.